सिंधूबाईची चपटी गार

नामाजीच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. कनेरगाव नाक्याच्या आजूबाजूला चाळीस वर्षं मेंढरं राखली, एवढंच. पण एक किस्सा मात्र तो नाक्यावर, बालाजीच्या चहाच्या टपरीवर हमखास सांगायचा, आणि तो बायकोच्या फजितीचा होता.

दोन हजार चौदाची गारपीट. त्याची बायको सिंधूबाई मेंढरांपाशी होती. गारा थांबल्यावर बत्ताशासारखी एक चपटी गार तिनं घोंगडीच्या टोकात गुंडाळून आणली. लोकरीत गार टिकते, हे धनगराच्या लेकीला काय सांगायचं! म्हणाली, "ही सरळ न्हाई आली. गिरक्या घेत आली."

नामाजी पोट धरून हसला. "गार काय फुगडी खेळती व्हय?" म्हणत त्यानं ती तोंडात टाकून कडाकडा चावली. पुरावाच खाऊन टाकला गड्यानं!

मग गावालाच विषय मिळाला. जो तो विचारी, "वहिनी, गार फुगडी खेळती का?" ती आधी हसायची. पुढं तिनं गारांविषयी बोलणंच सोडलं. चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून गार पडली की नामाजीला तिची ती ओली घोंगडी आठवायची.

यंदा चैत्रात शाळेच्या मैदानावर रडारची गाडी आली. गारा हवेतून कशा पडतात ते बघायला. गाडीतलं यंत्र बघायला वसमतची करुणा नावाची पोरगी होती. गारा पडल्या तसा नामाजी घोंगडीत ओंजळभर गारा घेऊन धावला. बहुतेक चपट्याच होत्या.

"पोरी, ह्या सरळ आल्या का गिरक्या घेत? तुझ्या यंत्राला इचार."

करुणानं पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "बाबा, चपट्या गारा सरळ पडल्या असत्या, तर रडारला आडव्या, पसरट दिसल्या असत्या. ह्या तर उभ्या-आडव्या सारख्याच दिसून राहिल्या. म्हंजे गिरक्या घेतच आल्या."

"बराबर बघितलं का?"

"व्हय, बराबर."

नामाजीनं घोंगडीतल्या गारा खाली ठेवल्या. इतकी वर्षं त्यानं खऱ्या बाईला खोटं पाडलं होतं.

तिथून तो तडक टपरीवर गेला. "सिंधू खरं बोलत व्हती. येडा मी व्हतो," म्हणाला. सगळे खदखदून हसले, यावेळी त्याला. त्याला ते बरंच वाटलं.

चहा गाळता गाळता बालाजी म्हणाला, "आज वहिनी असत्या तर काय म्हणल्या असत्या, नामाजीदादा?"

"काय म्हणणार?" नामाजी म्हणाला. "तिला ठाऊकच व्हतं की."