नारळावर ठेवलेला हात

आरोंद्यातल्या आमच्या वाडीत दोन निवृत्त शिक्षकांची घरे शेजारी शेजारी आहेत आणि मध्ये कुंपणाला चिऱ्यांचा बुटका गडगा आहे. अलीकडच्या घरात मी. हायस्कुलात आयुष्यभर संस्कृत शिकवले; आता घरची पूजा, संध्या आणि कोणी बोलावले तर एखादा सत्यनारायण, एवढेच काम उरले आहे. पलीकडच्या घरात त्याच शाळेचे कवायतीचे मास्तर. धर्माने ख्रिस्ती, अंगाने ताडासारखे उंच. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत एका खांबाला लोखंडी कडे ठोकून त्यांनी वाडीतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवला. गडग्याचे वरचे काही चिरे आमच्या येण्याजाण्यानेच ढासळले आहेत. ते परत बसवावेत, असे दोघांपैकी कोणालाही कधी वाटले नाही.

माझा खेळ टेनिस. चेंडू टाकण्यापूर्वी खेळाडू तो जमिनीवर आपटतो, कपाळ पुसतो, क्षणभर थांबतो; त्या वेळी सारे प्रेक्षागृह जे मौन पाळते, ते मला संकल्प सोडण्यापूर्वीच्या मौनासारखे वाटते. मास्तरांना माझ्या या भक्तीची गंमत वाटे. “तुमचो टेनिस म्हणजे सोवळ्यातलो खेळ, भटानू,” असे ते म्हणत. “मधी जाळी, कोण कोणाक शिवणा नाय.” त्यांच्या खेळात दहा जण एकमेकांच्या अंगावर पडतात, घड्याळ उलटे धावते, आणि शेवटच्या क्षणाला टाकलेला चेंडू हवेत असताना सारे काही अनिश्चित असते. मला ते घड्याळ सोसत नसे. तरीही वैशाख-ज्येष्ठात आमचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी संध्या आटोपून मी त्यांच्याकडे जाई. अमेरिकेतले बाद फेरीचे सामने आपल्याकडे त्या वेळी दिसतात. दोन संघ पुन्हा पुन्हा झुंजतात आणि जो आधी चार वेळा जिंकेल तो पुढे जातो. दुपारनंतर ते माझ्याकडे येत. तेव्हा परदेशातल्या तांबड्या मातीवरची टेनिस स्पर्धा चालू असे. खेळाडूंचे मोजे त्या मातीने रंगलेले पाहून मास्तर म्हणत की हा आपल्या आरोंद्याचाच गडी दिसतो.

त्या वर्षी मास्तरांचा आवडता संघ फार वर्षांनी पुढे पुढे जात होता. त्याच सुमारास ते चर्चची पायरी चढताना थांबू लागले. दम खाण्यासाठी थांबत आणि कोणी पाहिले तर चपलेचा पट्टा नीट करण्याचे निमित्त करीत. एके दिवशी त्यांनी मला गोव्यातल्या मोठ्या रुग्णालयात सोबत चलण्यास सांगितले. घरी त्यांनी सांगितले होते की आम्ही जुन्या सहकाऱ्याला भेटायला चाललो आहोत. तिथे तपासण्या झाल्या. हृदयाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जागोजागी बंद झाल्या आहेत, शस्त्रक्रिया लांबवू नये, आणि तोवर कष्ट व उत्तेजना टाळावी, असे डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. मास्तरांनी विचारले की सामने पाहिले तर चालतील का. डॉक्टर हसले. त्यांना वाटले, रुग्ण विनोद करतो आहे.

परतीच्या वाटेवर खाडीचा पूल ओलांडून आरोंद्यात आलो, तेव्हा मास्तरांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला देवाची एक घुमटी आहे. शेजारच्या दुकानातून त्यांनी एक नारळ विकत आणला, घुमटीसमोर धरला आणि मला त्यावर हात ठेवायला सांगितले. मी कारण विचारले.

“मॅची संपासर घरात कळाक नको,” ते म्हणाले. “क्रुसावर हात ठेवून घेतलेली सपत तुमी दुसऱ्या दिसाक मोडतलात. नारळावरची मोडूची तुमची छाती नाय.”

मला ते पूर्ण ओळखून होते. नारळावर हात ठेवून दिलेला शब्द आमच्याकडे देवाच्या खात्यात जमा होतो. तो माणसाला परत घेता येत नाही, देवाकडूनच सोडवून घ्यावा लागतो. मी हात मागे घ्यायला हवा होता. पण त्या उन्हात ते नारळ दोन्ही हातांनी गच्च धरून उभे होते, आणि मुलांना भर पावसात कवायत करायला लावणारा हा माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलाला घाबरला आहे, हे माझ्या ध्यानात आले. त्यांना सामने संपायला नको होते. मी हात ठेवला.

त्या दिवसापासून माझ्या मनात भीतीने घर केले. सकाळी गडगा ओलांडताना मी आधी कानोसा घेई. मास्तरांचा खोकला किंवा खुर्चीचा आवाज आला, की पाय पुढे पडे. सामना सुरू झाला की मी पडद्याकडे तोंड करून बसे, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचा डावा खांदा पाहत राही. त्यांचा संघ आघाडीवर असला तर ते आनंदाने उसळतील याची धास्ती. मागे पडला तर त्यांच्या जिवाला घोर लागेल याची धास्ती. गुणांतले अंतर वाढावे, सामना नीरस व्हावा, अशी प्रार्थना मी मनातल्या मनात करीत असे. खेळाचा एवढा द्रोह कोणत्याही रसिकाने केला नसेल. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, चहा आणून ठेवीत आणि विचारीत की आज भटानूंचा चेहरा असा का. मास्तर सांगत, टेनिसमध्ये त्यांचा म्हातारा खेळाडू हरायला आलाय. त्या हसत आणि मागच्या अंगणात कोकमांसाठी रातांबे फोडायला जात. मी तो चहा पीत असे.

दुपारी माझ्याकडेही सुख नव्हते. दोघा खेळाडूंची बरोबरी होऊन एकेक गुण लांबत गेला की प्रेक्षागृहातल्या त्या निःशब्दतेत मला मास्तरांचा श्वास ऐकू येई. पूर्वी ज्या मौनाने मला आनंद दिला, त्याचाच आता मला धाक वाटू लागला. टेनिस मध्येच बंद करून मी गीतापाठाचे निमित्त काढू लागलो.

शेवटी मी ग्रामदेवतेकडे गेलो. आमच्याकडे अडल्या कामी कौल लावतात. देवाच्या ओल्या पाषाणावर गुरव फुलांच्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझे शिक्षण संस्कृत शास्त्रांचे, तरी लहानपणापासून मी या कौलापुढे मान तुकवत आलो आहे. मुलीचे लग्न आणि घराचा पाया, दोन्ही मी त्याला विचारूनच केले. मी गुरवाला कोणाचेही नाव न सांगता एवढेच सांगितले की एक शब्द दिला आहे आणि त्यातून मोकळे व्हायचे आहे. गुरवाने कळ्या लावल्या. गाभाऱ्यात समईची वात आणि पाण्याचा ओघळ, याखेरीज काही हलत नव्हते. बराच वेळ गेला. मग डावी कळी सुटली आणि पाषाणावरून घसरत खाली आली.

“देव म्हणता, शब्द पाळ,” गुरव म्हणाला.

मी तीर्थ घेतले. घरी येताना वाट रोजचीच होती, पण दोन ठिकाणी मला थांबून ती आठवावी लागली. मास्तर गेले तर त्याचा दोष माझ्या मौनावर. बोललो तर शब्दभंग, आणि तोही देवाने नको म्हटल्यावर. देवाच्या आज्ञेत काही हेतू असेल, बोलण्यानेच अनर्थ होणार असेल, असे मी स्वतःला समजावले. त्या रात्री अन्न गेले नाही.

दुसऱ्या सकाळी सामना होता. मास्तरांचा संघ जिंकला तर अंतिम फेरीत जाणार होता. शेवटच्या क्षणी दोन्ही संघ बरोबरीत आले आणि पंचांनी जादा वेळ दिला. मास्तर काहीच बोलत नव्हते. एरवी प्रत्येक चुकीवर ते खेळाडूंना शाळेतल्या पोरांसारखे झापत. मी वळून पाहिले. कपाळावर घाम होता, ओठांभोवती करडी छटा आली होती, आणि उजव्या हाताने ते डाव्या हाताचे मनगट दाबून धरीत होते. मी विचारले तेव्हा म्हणाले की गॅस आहे, पाणी द्या. पाण्याचा पेला त्यांच्या हाती देताना त्यांची बोटे मला लागली. ती गार होती.

मी उठलो. पडद्यावर घड्याळ उलटे धावत होते. स्वयंपाकघरातून मी मागच्या अंगणात गेलो. वहिनी सुपावर रातांब्याच्या साली वाळत घालीत होत्या. कोपरापर्यंत त्यांचे हात लाल झाले होते. मी उभ्या उभ्या सर्व सांगितले. रुग्णालय, डॉक्टरांचे म्हणणे, आणि आत्ता या क्षणी त्यांचे हात गार आहेत, हेही. नारळाविषयी काही बोललो नाही.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. सूप खाली ठेवले.

“कधीपासून तुमका म्हायत आसा?”

मी सांगितले की जुन्या सहकाऱ्याला भेटायला म्हणून गेलो होतो, त्या दिवसापासून.

“आणि रोज सकाळी माझ्याच हातची चाय पियत होतात,” त्या म्हणाल्या, आणि हात न धुताच आत धावल्या.

पुढचे सारे त्यांनीच केले. वाडीतल्या एकाची गाडी आणली, मास्तरांच्या अंगात धड शर्ट चढवला. गाडीपर्यंत त्यांना एका बाजूने मी धरले होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी काच खाली करायला लावली. मला वाटले, शिवी देतील. ती मी आनंदाने ऐकली असती.

“तुमी नारळावर हात ठेवललो, भटानू,” ते हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. आपल्याला कुठे नेत आहेत हे कळलेल्या माणसाची भीती होती, आणि तिच्या तोंडाशी मी त्यांना आणून सोडले होते.

गोव्यात पोहोचल्यावर त्यांना तपासून डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया ठरवली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्यांची मुलगी परगावाहून निघाली होती. समोर कोणाच्या तरी मोबाइलवर सकाळच्याच सामन्याची क्षणचित्रे चालू होती. वेळ संपल्याचा तो ओळखीचा गजर कानी पडताच मी उठून दुसऱ्या बाकावर गेलो. नित्याचा जप करायचा प्रयत्न केला. ओठ हलत होते, पण प्रत्येक आवर्तनाशेवटी ओल्या पाषाणावरून घसरणारी ती कळी दिसे. देवाने एवढेच मागितले होते की गप्प राहा. आता आत जे काही होईल त्याचा अर्थ मला आधीच कळल्यासारखा वाटत होता.

वहिनींच्या हातात जपाची माळ होती. त्यांनी ती मध्येच थांबवली आणि माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नखांत अजून रातांब्याचा लाल रंग होता.

“तुमी गाऱ्हाणा घाला,” त्या म्हणाल्या. “तुमचो देव तुमचा ऐकता.”

त्यांना काय सांगणार होतो? त्याच देवाने मला नाही म्हटले होते आणि त्याला ओलांडून मी त्यांच्या अंगणात आलो होतो. आता कोणत्या तोंडाने हाक मारावी? मी म्हणालो की इथे नको, देवळात गेल्यावर घालतो. त्यांनी मान हलवली. “आत्ता घाला.”

मी उभा राहिलो, हात जोडले. गाऱ्हाणे संस्कृतात नसते. ते गावच्या बोलीत, वडील माणसाने देवाशी समोरासमोर बोलावे तसे असते, आणि प्रत्येक वाक्याशेवटी जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. आयुष्यात दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून मी मागून तो दुजोरा दिला होता. स्वतः कधी घातले नव्हते. मी म्हणालो, “बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू आत निजलो आसा.”

“व्हय म्हाराजा,” वहिनी म्हणाल्या. माळ हातात तशीच होती.

“त्येचा काय चुकला असात तर माफी कर.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि त्येच्यासाठी ज्या कोणी तुझा ऐकूक नाय, त्येचो राग त्येच्यावरच काढ. ह्या लेकरावर काढू नको.”

वहिनी थांबल्या. माझ्याकडे त्यांनी वर पाहिले. काय समजल्या, ते मला ठाऊक नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, “नाय म्हाराजा. कोणावरच काढू नको.”

गाऱ्हाण्यात असे कोणी म्हणत नाही. मी खाली बसलो.

संध्याकाळ होण्यापूर्वी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की निभावले. पुढचे काही दिवस सांभाळायचे आहेत. वहिनी रडल्या. मला हायसे वाटायला हवे होते, पण आत काही सैल झाले नाही.

मास्तर घरी आले. बराच काळ ते माझ्याशी मोजकेच बोलले. अंतिम फेरीचे सामने त्यांनी पाहिले नाहीत, मीही पाहिले नाहीत. कोण जिंकले हे आम्ही एकमेकांना आजवर विचारलेले नाही. आषाढात हिरवळीवरची टेनिस स्पर्धा सुरू झाली, तेव्हा एका दुपारी छत्री घेऊन ते आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. छातीवर हात ठेवून म्हणाले की आता मीही सोवळ्यात आहे, कोणी शिवायचे नाही. मी हसलो.

देवळात मी रोज जातो, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबतो. गुरव एकदोनदा विचारून गेला की त्या शब्दाचे पुढे काय झाले. मोडलेल्या कौलाची माफी मागण्यासाठीही कौलच लावावा लागतो, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी वहिनींनी कोणावरच राग काढू नको म्हटले, ते देवाने ऐकले का, हे विचारायला गेलो आणि पुन्हा डावी कळी पडली तर? मास्तर धडधाकट आहेत, सकाळी चर्चच्या पायऱ्या न थांबता चढतात. मी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडतो आणि घरी परत येतो.