नऊ नंबरची जांभळी जर्सी

रामभाऊ मुसळे यांना घराबाहेर पडताना दोन हातरुमाल लागत. एक नाक पुसायला आणि दुसरा लोकांच्या कपड्यांचा रंग तपासायला. इचलकरंजीच्या एका कापड रंगवायच्या प्रोसेसमध्ये त्यांनी एकतीस वर्षं डाईंग मास्तर म्हणून काढली होती. त्यामुळे कुणाकडे चहाला गेले तरी रुमालाचं टोक पाण्यात बुडवून सोफ्याच्या कव्हरावर हळूच घासून बघायचे. रुमाल पांढरा राहिला तर मान डोलवायची. रंगला, तर यजमानांकडे असं बघायचं, जणू त्यांनी दुधात पाणी घालून विकलं आहे.

पत्नी गेल्यावर मुलीने, मितालीने, त्यांना ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला आणलं. मिताली इस्पितळाच्या लॅबमध्ये, तिच्या शिफ्टना धरबंध नाही. जावई दोन आठवडे खाणीवर आणि दोन आठवडे घरी. नात तनया युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घर गाडीने दहा मिनिटांवर असूनही ती राहायची मात्र कॉलेजात. इथे कॉलेज म्हणजे शिकायची जागा नव्हे, राहायची. आपण ज्याला हॉस्टेल म्हणतो, त्याला हे लोक कॉलेज म्हणतात आणि त्याच्या नावाने जीव टाकतात. तनयाचं कॉलेज सेंट ब्रिजेट, रंग मरून. रस्त्यापलीकडचं वॉर्नर, रंग जांभळा. दोघांमध्ये मुलींची फुटबॉल मॅच असली, की आठवडाभर आधीपासून कुरापती सुरू. एकदा वॉर्नरच्या मुलींनी ब्रिजेटच्या जेवणघरातल्या प्रत्येक चमच्याला जांभळी रिबीन बांधली. त्यावर ब्रिजेटवाल्यांनी वॉर्नरच्या दारातल्या पुतळ्याला मरून स्वेटर चढवला. रामभाऊ तो बघायला मुद्दाम गेले, रुमाल घासला आणि म्हणाले की विनोद चांगला आहे, पण पहिल्या पावसात पुतळा गुलाबी होईल.

तनया घरी यायची ती दर रविवारी, मळके कपडे घेऊन. आजोबांनी धुतलेले कपडे बघून टीमच्या मुली चकित झाल्या. टीमच्या जर्स्या आळीपाळीने एकेकीने घरी नेऊन धुवायच्या, अशी पद्धत होती. कुणी त्या आटवून आणायची, कुणी मोज्यांचा वास लावून. शेवटी सगळी पिशवीच रामभाऊंकडे आली. अठरा जर्स्या उलट्या करून धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, नंबराच्या क्रमाने घडी घालायच्या. कोच गॅविन इतका खूश झाला, की त्याने त्यांना किट मॅनेजर केलं आणि गळ्यात घालायचं कार्ड दिलं. कुणाच्या अंगावर कोणता नंबर आहे हे रेफरीच्या यादीशी ताडून बघायचं आणि बदल असेल तर मॅचआधी सांगायचं, एवढं त्यांचं काम. कार्ड फक्त मैदानावर घालायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते कोथिंबीर आणायलाही घालून जात. मितालीने भरली वांगी केली, की विचारत, "आज वॉर्नर खायचं का?"

शनिवारी, नऊ ऑगस्टला, वॉर्नरशी सामना होता. त्याच्या आदल्या दिवशी रामभाऊंच्या मनात आलं, की तनयाची नऊ नंबरची जर्सी फिकट दिसते आहे. नात टीमची सगळ्यात तेज खेळाडू. तिच्या अंगावर विटका मरून शोभत नाही. दुकानातून रंगाची पाकिटं आणली, मितालीचं सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं, आणि मरूनला जरा खोली यावी म्हणून चिमूटभर निळा टाकला. त्यांच्या हाताची चिमूट इचलकरंजीच्या रंगाला सरावलेली होती, इथलं पाकीट अगदीच जहाल निघालं. अर्ध्या तासाने चिमट्याने बाहेर आली ती झळझळीत जांभळी. वॉर्नरच्या मुलींच्या अंगावरही इतका सुरेख जांभळा नव्हता.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे रंग रुमालाने तपासले, त्याने ती जर्सी गॅरेजमध्ये जुन्या रंगाच्या डब्यांमागे दडवली आणि पातेलं तीनदा घासलं. पातेलं आजतागायत जांभळं आहे.

मॅचच्या दिवशी त्यांनी तनयाला सांगितलं, की नऊ नंबर ओली राहिली. मग तिने प्रतीक्षाची सोळा नंबर घातली. प्रतीक्षा मेश्राम नागपूरची, नर्सिंगला, राखीव खेळाडू. मोसमभर बाकावर बसून टाळ्या वाजवायची. इथे ऑगस्टात हिवाळा, म्हणून ती जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून बसली. यादी आदल्या रात्रीच गेली होती. त्यात नऊ म्हणजे तनया आणि सोळा म्हणजे प्रतीक्षा. रामभाऊ बदल सांगायला रेफरीकडे गेले खरे, पण कारण विचारलं तर काय सांगायचं? रेफरीने विचारलं, सगळं ठीक ना? रामभाऊंना जे चार इंग्रजी शब्द मनापासून आवडत, त्यातले दोन त्यांनी उच्चारले.

"नो वरीज."

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला, आणि दोन्ही टीम फायनलला गेल्या. शिटी वाजल्यावर खेळाडू बाहेर निघाले. वॉर्नरची कॅप्टन मॅडी पुढे चालत काहीतरी बोलली. तनयाने मागून तिची वेणी धरून असा हिसका दिला, की ती आडवी पडली आणि तिचं मनगट मोडलं. मागून कुणी ओढलं ते मॅडीला दिसलं नाही, आणि रेफरीची पाठ होती. लाइन्समनला दिसला तो पाठीवरचा सोळा आकडा आणि एक लांब काळी वेणी. सोळा म्हणजे प्रतीक्षा, वेणी तिलाही होती. गोऱ्यांना आपल्या वेण्या सारख्याच दिसतात, तेवढ्यावर रिपोर्ट झाला. रामभाऊ दहा पावलांवर उभे होते. त्यांनी जे पाहिलं ते पाहिलं नाही असं ठरवलं आणि जर्स्या मोजायला घेतल्या.

सोमवारी रात्री जेवताना मितालीने सांगितलं. प्रतीक्षाचा फोन आला होता. टूवूंबात मराठी घरं मोजकी, ती मितालीला ताई म्हणायची. बुधवारी क्रीडा समितीपुढे तिची चौकशी होती. आपण बाकावर होतो असं तिने कळवलं, तर उत्तर आलं, यादीत सोळा नंबर तुझा आहे, साक्षीदार आण. साक्षीदार कुठून येणार? गॅविनने सगळ्या टीमला गप्प राहायला सांगितलं होतं, कारण तनयाशिवाय फायनल म्हणजे हरल्यात जमा. प्रतीक्षाला तो म्हणाला होता, टीमसाठी एवढं सोस, तू तशीही बाकावरच असतेस.

"तिला वाटतंय दोन मॅचची तर बंदी," मिताली म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात तिचं आमच्या इस्पितळात प्लेसमेंट आहे, नर्सिंगचं प्रॅक्टिकल, बाबा. मारहाणीची नोंद असलेल्या मुलीला पेशंटजवळ कोण उभं करेल?"

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मी तर खरंच सांगून राहिली ताई, पण माझ्याजवळ कागद नाही."

कागद नव्हता, पण कापड होतं, आणि ते गॅरेजमध्ये होतं. रामभाऊंना त्या रात्री झोप कशी लागली हे विचारू नये. सकाळी उठून त्यांनी डब्यांमागून जर्सी काढली, इस्त्री केली आणि पिशवीत भरली.

बुधवारी मिताली शिफ्टला, जावई खाणीवर, आणि टूवूंबातली बस म्हणजे आली तर आली. म्हणून त्यांनी तनयालाच फोन केला, मला युनिला सोड. किराणा दुकानाला सोड म्हणालो असतो तर बरं, असं त्यांना गाडीत बसल्यावर वाटलं, पण आता उशीर झाला होता. दोन सिग्नल गेल्यावर त्यांनी पिशवीतून जर्सी काढून मांडीवर पसरली.

तनयाने एकदा बघितलं, पुन्हा बघितलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला एका कापराच्या झाडाखाली थांबवली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजोबा, यू मेड मी अ वॉर्नर गर्ल?"

"हस. एकतीस वर्षांत माझा असा लॉट बिघडला नव्हता."

"ओली आहे म्हणालास तू."

"खोटं बोललो. लाज वाटली. रेफरीला सांगायला हवं होतं, तेही टाळलं. ते आज समितीला सांगणार आहे."

हसू थांबायला थोडा वेळ लागला. थांबलं ते एकदम.

"हे दाखवलंस, तर सोळा मी घातली होती हे कळेल."

"कळेल."

"फायनल दहा दिवसांवर आहे."

"तेवीस तारखेला, अडीच वाजता. माझ्या कॅलेंडरवर आहे."

"प्रतीक्षा कधी खेळतच नाही, आजोबा. इट्स जस्ट अ बॅन."

रामभाऊंनी तिला प्लेसमेंटचं सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं.

"मॅडी मॅचभर मला घाण बोलत होती," ती म्हणाली. "तू ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं. ते तू सांग. मी फक्त रंगाचं सांगणार. डाईंग माझं खातं, वेणी तुझं. दुसऱ्या खात्याच्या कागदावर मी कधी सही केलेली नाही."

तिने गाडी सुरू केली, युनिच्या दारात थांबवली आणि इंजिन बंद न करता बसून राहिली. रामभाऊ उतरले, दार लावलं आणि कार्ड सरळ करून आत गेले.

समितीत तिघं होते. अध्यक्षबाई शेतीशास्त्र शिकवणाऱ्या, उन्हाने रापलेल्या. एका बाजूला प्रतीक्षा हात मांडीवर ठेवून बसलेली, दुसऱ्या बाजूला गॅविन. रामभाऊंनी इंग्रजी भाषण कागदावर लिहून आणलं होतं. मी किट मॅनेजर आहे, प्रतीक्षाची सोळा नंबर दुसरीकडे गेली हे मी लपवलं, चूक माझी आहे, इथपर्यंत ते कागदाप्रमाणे गेले. मग जर्सी टेबलावर ठेवली आणि मरूनमध्ये निळा किती घालावा यावर घसरले. सुती आणि पॉलिस्टरमधला फरक, पाण्याचा जडपणा, उकळीची वेळ, सगळं अकरा मिनिटं. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांच्या आईच्या चादरी असंच काहीतरी होऊन गुलाबी झाल्या होत्या, असं त्या मध्येच म्हणाल्या.

"म्हणजे शनिवारी नऊ नंबर मैदानावर नव्हताच," त्या म्हणाल्या. "आणि सोळा नंबर प्रतीक्षाने घातली नव्हती. मग कुणी घातली होती?"

गॅविन छताकडे बघत होता. रामभाऊंनी कागदाची घडी घातली. त्यांचं भाषण इथेच संपत होतं. पुढचं त्यांनी लिहिलंच नव्हतं.

दार आवाज न करता उघडलं. तनयाच्या हातात अजून गाडीची किल्ली होती.

"मी," ती म्हणाली, आणि मग सगळं इंग्रजीत सांगितलं, वेणी कोणत्या हाताने धरली तेसुद्धा. मॅडी काय बोलली होती ते शेवटी सांगितलं, आणि त्यामुळे हिसका बरोबर ठरत नाही हेही. प्रतीक्षाने मांडीवरचे हात सोडले. मग रामभाऊंकडे बघून मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी सांगून दिलं असतं, तर मी दोन दिवस जेवली तरी असती."

हे तिचं म्हणणं रामभाऊंना समितीच्या निकालापेक्षा जास्त लागलं. निकाल असा लागला. तनयाला चार मॅचची बंदी, आणि तिने मॅडीची माफी मागायची. मॅडीला बोलण्याबद्दल समज. गॅविनला लेखी ताकीद. प्रतीक्षाचं नाव कागदावरून काढलं. आणि किट मॅनेजरने बदल लपवला, म्हणून त्यांचं कार्ड दोन महिन्यांसाठी जमा. इचलकरंजीतून निवृत्त होताना रामभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते कार्ड काढताना आलं.

पुढचे दहा दिवस गॅविन त्यांच्याशी बोलला नाही. प्रतीक्षाला त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं आणि स्वतःच्या हाताने पुरणपोळी वाढली. ती चार खाऊन म्हणाली, दोन दिवसांची भरपाई झाली, आता व्याजाची एक. जर्स्या तनयाने धुतल्या. आजोबा खुर्ची टाकून शेजारी बसले आणि साबण जास्त झाला म्हणून चारदा ओरडले.

फायनल ब्रिजेट दोन-शून्यने हरलं. प्रतीक्षा शेवटची वीस मिनिटं खेळली. चेंडूला तिचा पाय तीनदा लागला, त्यात एकदा आपल्याच गोलच्या दिशेने. तनयाने मध्यंतरात सगळ्यांना संत्र्याच्या फोडी कापून दिल्या, आणि स्वतः बाकावर बसून प्रतीक्षासारख्या टाळ्या वाजवल्या. बाक फार थंड असतो, असं ती घरी आल्यावर म्हणाली.

सामना संपल्यावर मॅडी प्लास्टरमधला हात सांभाळत रामभाऊंकडे आली. तिला एक मागायचं होतं. आता ब्रिजेटला त्या जांभळ्या जर्सीचा काय उपयोग? रामभाऊंनी तनयाकडे बघितलं. तनयाने खांदे उडवले. "देऊन टाक, आजोबा. आय ओ हर वन."

ऑक्टोबरात, कार्ड परत मिळालं त्या दिवशी, रामभाऊ तनयाला घेऊन वॉर्नरमध्ये गेले. जर्सी तिथल्या मुलींनी जेवणघराच्या भिंतीवर टांगली होती. खाली पाटी होती, की ब्रिजेटमधून शहाणी होऊन आलेली पहिली खेळाडू. मुली हसत होत्या. रामभाऊंनी पाटीकडे लक्ष दिलं नाही. तनयाला स्टूल धरायला लावलं, वर चढले, दुसरा हातरुमाल पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि जर्सीची बाही दहा वेळा घासली.

खाली उतरून त्यांनी रुमाल आधी तनयाला आणि मग मॅडीला दाखवला. पांढराशुभ्र होता.