आपल्याशीच बोलणारं घर

आटपाट नगर नव्हतं, आमचं मिठबाव होतं. तिथे माडांच्या बागेत एक घर होतं. घरात माझे मामंजी होते, सासूबाई होत्या, शेवंती नावाची धाकटी नणंद होती आणि धामापूरहून नवीन लग्न होऊन आलेली मी. आमचे हे मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि मे महिन्यात दिसायचे, बाकी वर्षभर त्यांचा फक्त फोटो.

हल्ली नातसून मला विचारते, "आजी, तुम्ही एकट्याच कोणाशी बोलत असता? हे नॉर्मल आहे का?" काय सांगू तिला! त्या घरात जो एकटा बोलत नव्हता त्याची तब्येत बघायला माणसं यायची. असे किस्से आमच्याकडे झावळांसारखे पडलेले असायचे. एक उचलायला जावं तर तिच्याखाली दुसरी.

* * *

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. सासूबाई चुलीवर बांगड्याचं तिखलं करत होत्या आणि मी मागे नारळ खवत बसले होते. त्या म्हणाल्या, "आता सोलां घाल." मी उठले, डब्यातली मूठभर आमसुलं टोपात टाकली आणि परत जाग्यावर. थोड्या वेळाने त्यांनीही मूठभर टाकली. मग म्हणाल्या, "जरा मीठ बघ." मी मीठ घातलं. त्यांनीही घातलं.

जेवताना मामंजींनी पहिला घास घेतला आणि एक डोळा मिटला. शेवंतीने दोन्ही मिटले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून म्हटलं, "आये, तुमीच सांगलास म्हणान घातलंय."

"अगो, मी माका सांगत होतंय," त्या म्हणाल्या. "तुका खंय सांगलंय?"

सासू सुनेला सांगते आहे की स्वतःला, हे ओळखायला मला पुढचा पावसाळा लागला. ओळखायची खूण अशी की सुनेला सांगताना त्या एवढ्या गोड बोलत नसत.

* * *

सासूबाई नुसत्या सांगायच्या. मामंजी वाद घालायचे. दोन आवाज काढायचे ते. एक जाड, एक बारीक. जाड आवाजाचे मामंजी सरळ, बारीक आवाजाचे भारी चिकट.

एका वर्षी आंबा बरा धरला होता. झाडावरच विकावा की पेट्या भरून देवगडहून बोटीने मुंबईला धाडावा, याच्यावर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात बसून त्यांचं स्वतःशी चाललं होतं. "देवन टाक रे, कटकट नको." "खुळो मरे तू! असो आंबो कोण असो देता?" नेमका तेव्हा देवगडचा व्यापारी आमच्या खळ्यात, अंगणात येऊन उभा राहिला. त्याने मला खुणेने विचारलं, आत कोण? मी नवी सून, परक्या पुरुषाशी जास्त बोलायची नाही. म्हटलं, "मामंजी आसत." खोटं काय त्यात?

तो तुळशीपाशी येरझाऱ्या घालायला लागला. मामंजी बाहेर आल्या आल्या त्याने हातच धरला. म्हणाला, आतला माणूस जो भाव देत असेल त्याच्यावर मी देतो, पण सौदा माझ्याशी करा.

मामंजींनी जरा विचार केला. "थांब हां," म्हणाले, "तेका इचारून येतंय."

आणि परत मांगरात गेले! आतून पुन्हा जाड आवाज, बारीक आवाज. बाहेर येऊन मान हलवली. "तो आयकना नाय."

व्यापाऱ्याने आणखी भाव वाढवला. निघताना मला हळूच म्हणाला, तुमचे सासरे देवमाणूस आहेत, पण तो आतला मोठा लबाड आहे.

* * *

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण शेवंती लग्नाची झाली आणि हसणं सरलं.

पहिलं स्थळ मालवणचं. मुलगा पडवीत बसलेला, बरोबर त्याचे काका. शेवंती पोह्यांच्या बशा घेऊन दारात आली, एक नजर टाकली आणि अगदी मनातल्या मनात म्हणावं तसं, पण अख्ख्या पडवीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मिशी बरी आसा. पन मिशयेखालचो माणूस बारीक."

पोहे तसेच राहिले.

दुसऱ्या स्थळाला आम्ही शेवंतीला सक्त ताकीद दिली. ती बिचारी तोंड मिटून आली, बसली, गेली. मुलाची आत्या खूश. म्हणाली, मुलगी शांत आहे, जरा स्वैपाकघर बघते. ती आत गेली तर सासूबाई पाठमोऱ्या, चुलीला सांगत होत्या, "ही आत्या नाकातसून बोलता. जलमभर असा आयकान माझ्या चेडवाचे कान कशे टिकतले?"

आत्याने पदर सारखा केला आणि नाकातूनच म्हणाली, "निघूया."

मग गावात उठलं की त्या घराला वारं लागलंय. तिथली माणसं दिसत नाही त्याच्याशी बोलतात. अशा घरातली मुलगी कोण करून घेणार? तिसरं स्थळ वाटेतूनच परतलं. आणि शेवंती बोलायची बंद झाली. आमच्याशी तर झालीच, स्वतःशीसुद्धा. विहिरीवर जायची, पाणी घेऊन यायची, मधे एक शब्द नाही. रात्री जेवताना सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. मला त्या घरात पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

* * *

हे वाऱ्याचं उठवलं होतं शेजारच्या भागीरथीकाकीने. गाव सगळं तिच्या जिभेवर. मी ठरवलं, एकदा तोंडावर विचारायचंच. भर दुपारी तिच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी गेले तर आतून बोलणं ऐकू आलं. काकी आमच्याच घराचं सांगत होती. "...बापूस तसो, आवस तशी, आणि सून इली ती पण तसलीच निघाली." मी म्हटलं, बरं झालं, ऐकणारीलाही धरू. वाकून बघितलं.

काकी एकटी. सुपारी कातरत बसलेली. समोर एक मांजर, तेही झोपलेलं.

"काकी," मी म्हटलं, "कोणाशी बोलतंस गो?"

ती जराही दचकली नाही. "कोणाशीच न्हय," म्हणाली. "पन सवय रवाक व्हयी मा."

* * *

पुढल्या साली देवगडच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलगा गोदीत कामाला, मुलाचे वडील त्यांच्या गावचे मानकरी, घर चांगलं. शेवंतीने मुलाला जत्रेत बघितलं होतं. मला म्हणाली, "वयनी, ह्या मोडला तर आणि कोणाक बोलवू नको." एवढंच बोलली, पण कितीतरी दिवसांनी बोलली.

मी बंदोबस्त केला. सासूबाईंच्या गालात सुपारीचं आख्खं खांड. शेवंतीला सांगितलं, दात उघडायचे नाहीत. राहिले मामंजी. त्यांच्या तोंडात काहीही कोंबलं तरी आवाज बाहेर यायचाच. म्हणून सांगितलं, नमस्कार करा आणि माडांना पाणी लावायच्या निमित्ताने मागच्या परड्यात विहिरीवर जा.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. मामंजींनी हात जोडले आणि गेले. मग जी शांतता पडली म्हणता! सासूबाई मान हलवतात, शेवंती जमिनीकडे बघते, मी पोहे ठेवते आणि मागे सरते. मुलाची आई चुळबुळायला लागली. शेवटी विचारलंच, "घरात कोण आजारी आसा काय?"

तेवढ्यात विहिरीकडून आवाज आला. जाडही नाही, बारीकही नाही. मामंजींनी देवाला गाऱ्हाणं घातलं होतं.

"बा देवा म्हाराजा! आज माझ्या चेडवाक बघूक पावणे इले आसत रे म्हाराजा!"

सासूबाईंनी डोळे मिटले. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. देवळात गाऱ्हाणं पडलं की जमलेल्यांनी एका सुरात साथ द्यायची, आणि पहिला सूर मानकऱ्याचा. मुलाचे वडील चहाची कपबशी धरून बसलेले. नजर कुठेतरी समोर. तशीच मान झुकवून ते म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"

विहिरीवरच्या मामंजींना त्यात काही नवल वाटलं नाही. गाऱ्हाण्याला साथ येणारच. ते पुढे सुटले.

"चेडू माझा एकटाच बडबडता, पन पोटात काय ठेवना नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता मुलगाही बापाबरोबर.

"तेका ह्याच पावण्यांच्या घरात पडो दी! आणि तेच्या बडबडीक जो कोण नावा ठेवीत, तेका तूच काय ता बघून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

विहिरीवर बादली आपटल्याचा आवाज आला. मुलाच्या वडिलांनी हातातल्या कपाकडे बघितलं, मग बायकोकडे. मुलगा शेवंतीकडे बघत होता आणि हसू दाबत होता. सासूबाईंच्या गालातलं खांड गळ्याशी आलं होतं.

मुलाच्या आईने पोह्यांची बशी मांडीवर घेतली. एक घास खाल्ला. मग आमच्यापैकी कोणाकडेच न बघता, बशीला सांगावं तसं म्हणाली, "देवाक व्हय म्हणान झाला. आता नाय कोण म्हणतला? साखर आणूक सांगूक व्हयी."

मी साखरेचा डबा आणायला उठले, तर तो घेऊन शेवंती आधीच दारात उभी होती.