पायाखाली काही ठेवायचं नाही

शिरूरमध्ये आज गाडी चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी शिकवलंय. ही फुशारकी नाही. उलट हे आधी सांगितल्याशिवाय माझा गुन्हा किती मोठा ते कळायचं नाही. बावीस वर्षं माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि माझा पहिला धडा क्लचचा नसतो. नवा माणूस सीटवर बसायच्या आधी त्याला वाकायला लावतो आणि पायाखालची जागा हातानं चाचपायला सांगतो. पाण्याची बाटली, चप्पल, सुटं असं काहीही तिथं नको. ब्रेक दाबला की सुटी वस्तू पुढं धावते आणि नेमकी पेडलखाली जाऊन बसते. एकदा न्हावरे गावच्या एका वयस्कर बागायतदारांना मी भर बाजारात गाडीतून खाली उतरवलं होतं, कारण त्यांच्या पायाशी नारळ सापडला.

"अहो सर, देवाचा नारळ हाय त्यो," ते म्हणाले.

"मग देव मागं डिक्कीत बसंल," मी म्हणालो. मागच्या सीटवर माझी मुलगी होती, सात-आठ वर्षांची. ती खो खो हसली होती.

तीच मुलगी सोळाव्या वर्षी रेसिंगच्या गाडीत बसली. याला कारण आमचे मिस्त्री. ते शिरूरचेच, माझ्या स्कूलच्या गाड्या पूर्वी तेच बघायचे. मुलगी त्यांना चाचा म्हणते. पुढं सणसवाडीच्या कारखान्यात आणि तिथून एका रेसिंग टीममध्ये गेले. त्यांनीच तिला पुण्याजवळ रेसिंग शिकायच्या छोट्या गाडीत, कार्टमध्ये, बसवलं आणि तिथून ती ज्युनियरांच्या सिंगल सीटर स्पर्धेपर्यंत पोचली. या गाडीत एकच माणूस मावतो, तोही जवळजवळ आडवा. डोकं बाहेर, पाय थेट गाडीच्या नाकात. तिथं काय आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी आधी शेजारची सीट शोधली. मी शेजारी कुठं बसणार? स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. बावीस वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून मी लोकांना धीट केलंय.

हंगामात स्पर्धेच्या चार फेऱ्या होत्या, सगळ्या तिकडं तमिळनाडूत. मी, पोरगी आणि मिस्त्री असे आम्ही तिघं शिरूरहून माझ्या गाडीनं दौंडला जायचो आणि तिथून रेल्वे पकडायचो. निघताना बायको पोरीच्या हातावर दही-साखर ठेवायची, आणि मी अंगणातल्या झाडाची लिंबं तोडून घ्यायचो. मी काही अंधश्रद्धाळू नाही. पण नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवायचं, हे आमच्याकडं कुणी ठरवून करत नाही. ते होतंच.

पहिल्या फेरीला मी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. टीमच्या मॅनेजरनी ती बुटानं बाजूला सारली आणि रबराला रस लागला तर पकड जाते, असं मला हिंदीत सुनावलं. पोरीचा चेहरा लाजेनं लाल झाला. दुसऱ्या फेरीला मी मुकाट्यानं लांब उभा राहिलो, आणि पहिल्याच वळणावर तिची गाडी गरगर फिरून मातीत गेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे मी दुसऱ्यांना शंभरदा ऐकवलंय. त्या दिवशी मात्र मला फक्त कावळाच दिसत होता.

तिसऱ्या फेरीला ती दुसऱ्या क्रमांकावरून सुटणार होती. टीमच्या शेडमध्ये गाडी तयार होती. मिस्त्री टायरची हवा मोजायचं मीटर आणायला वळले तेवढ्यात मी सीट आणि बाजूच्या पत्र्याच्या फटीत एक लहान लिंबू सरकवलं. ते घट्ट बसलं, असं मला वाटलं. मग पोरगी आली, माझ्या पाया पडली आणि गाडीत शिरली. मी तिला यशस्वी हो म्हणालो.

मी ट्रॅकच्या कडेच्या जाळीपाशी उभा होतो. प्रत्येक वळणाला माझा पाय जमीन दाबत होता, ती जुनीच खोड. पाचव्या की सहाव्या चकरेत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी सगळ्या गाड्या मंदावल्या आणि एक मंदावली नाही. मी जमीन दाबली. आणखी जोरात दाबली. टायर रचून केलेल्या भिंतीवर गाडी आदळल्याचा आवाज यायच्या आधीच मला कळलं होतं की ते लिंबू आता कुठं आहे.

ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. मनगट सुजलं होतं आणि ती लंगडत होती, बाकी धड होती. मला देवाचे आभार मानायचे होते, पण त्याचं नाव घ्यायची मला लाज वाटली.

मोडलेली गाडी शेडमध्ये आणली. मॅनेजर मिस्त्रींवर ओरडत होते, "ब्रेक किसने चेक किया था?"

"मैंने. दो बार," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या कामावर असा संशय आयुष्यात कुणी घेतला नव्हता.

आणि मी गप्प उभा होतो. हे लिहितानासुद्धा मला पटत नाही, पण मी गप्प उभा होतो. एका माणसाची रोजीरोटी आणि अब्रू माझ्या डोळ्यांदेखत जात होती. मिस्त्रींनी गुडघे टेकले, गाडीच्या नाकात खांद्यापर्यंत हात घातला आणि चेपलेलं लिंबू बाहेर काढलं. शेडमध्ये वास पसरला. त्यांनी मूठ मिटली आणि माझ्याकडं बघितलं.

"आप्पा," ते हळूच म्हणाले, "मी काय बोलनार न्हाई. तुमचं तुम्ही बगा."

"मी ठेवलं," मी म्हणालो. मग हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा म्हणालो.

मॅनेजर बोलले ते मला ऐकूच आलं नाही. पोरगी खुर्चीवर मनगटाला बर्फ लावून बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "न्हावऱ्याच्या त्या आजोबांना तुम्ही गाडीतनं उतरवलं होतं ना, पप्पा?"

परतीच्या प्रवासात ती वरच्या बर्थवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दौंडला उतरल्यावर गाडीत ती नेहमी माझ्या शेजारी बसायची. त्या दिवशी मागं बसली आणि मिस्त्रींना पुढं बसवलं. शिरूरपर्यंत मी आरशात बघायचं टाळत गाडी चालवली. शिकाऊ माणसानं असं केलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

शेवटच्या फेरीला ती मला नेणारच नव्हती. तिच्या आईनं मध्ये पडून कसंबसं कबूल करवलं. शेडच्या दाराशी, हेल्मेट काखेत धरून, तिनं मला अडवलं. आत मिस्त्री आणि सगळी टीम बघत होती.

"हात दाखवा."

मी दोन्ही तळवे पुढं केले.

"आन् खिसे?"

डाव्या खिशात रुमाल होता. उजव्यात हात घातला आणि बोटांना लिंबू लागलं. घरून निघताना ते मीच तोडलं होतं. फक्त खिशात ठेवायचं, गाडीजवळ न्यायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं. दोन दिवस ते विसरलोही नव्हतो. पण त्या खिशासकट मी गाडीपासून चार पावलांवर उभा होतो, आणि तिनं विचारलं नसतं तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि दाराबाहेरच्या कठड्यावर ठेवलं.

"हे हितं राहील," ती म्हणाली. "आन् तुम्ही पण हितंच."

मग ती गाडीपाशी गेली. बसायच्या आधी वाकली, आत हात घातला आणि सीटच्या फटीपासून पेडलपर्यंतची सगळी जागा सावकाश चाचपली. माझाच पहिला धडा, आणि तो तिला माझ्यामुळंच गिरवावा लागत होता.