खळीची बिस्किटं

आमच्या समोरच्या दारातल्या काकूंइतकं भांडखोर माणूस चिखलोलीत झालं नाही आणि पुढेही व्हायचं नाही. पाणी कमी आलं की त्या भांडतात, जास्त आलं की वाया गेलं म्हणून भांडतात. मी दाराबाहेर चप्पल तिरकी काढली तर, "अगं, हा काय एसटी स्टँड आहे का?" हे तळमजल्यापर्यंत ऐकू जातं. आणि ज्या दिवशी मला असं झोडपतात, त्याच संध्याकाळी ताटलीभर बिस्किटं घेऊन दारात उभ्या!

हा पश्चात्ताप असावा, असं मला वाटायचं. छे! कारण निघालं पीठ. मैदा, लोणी आणि पिठीसाखर, एवढ्याचंच ते बिस्किट. मध्ये अंगठ्यानं खळी पाडायची, तीत जांभळाचा जाम भरायचा आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. "हे पीठ रगडायचं नसतं गं, हलक्या हातानं नुसतं गोळा करायचं. रागात हात लागला की बिस्किटाचा दगड होतो. म्हणून आधी राग बाहेर टाकून यायचा," काकूंनी मला शांतपणे समजावलं. म्हणजे इतकी वर्षं मी खाल्लेली बोलणी ही पाककृतीचा भाग होती! मला भयंकर संताप आला, पण तोंडात बिस्किट होतं.

जांभळं कंपाउंडमधल्याच झाडाची. दर उन्हाळ्यात काकू खाली जुन्या साड्या अंथरून ती झेलायच्या. त्याच झाडाखाली सोसायटीच्या सेक्रेटरींनी नवी गाडी लावायला सुरुवात केली.

"काकू, डाग पडतात हो गाडीवर. झाड काढायलाच लागेल."

"डाग पाडतो म्हणून नातवाला काढलात का घरातून? गाडी हलवा!"

हे भांडण सगळा पावसाळा चाललं आणि बिस्किटं कधी नव्हे इतकी खुसखुशीत झाली.

मग एके दिवशी काकू ओव्हनचे नवे ट्रे आणायला उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात गेल्या. तिथल्या सिंधी दुकानदाराला "साईं, ये पत्रा है कि पापड?" असं खडसावून, मनासारखे ट्रे घेऊन विजयी मुद्रेनं परतल्या. तोवर फांद्या छाटायच्या म्हणून आलेल्या माणसांनी झाड बुंध्यापासून उतरवलं होतं. मी गॅलरीत उभी. आता सेक्रेटरींची धडगत नाही! काकूंनी बुंध्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि जिना चढून वर आल्या.

दुसऱ्या दिवशी बिस्किटं आली. दगड. खळी पाडलेली, पण रिकामी. बरणीत जाम होता, मी स्वतः पाहिला होता.

जन्मात कुणाशी वर आवाज न केलेली मी, त्या दिवशी सेक्रेटरींच्या दारात जाऊन ओरडले. ते म्हणाले, "झालं ते झालं, मॅडम." अजून आठवलं की डोकं फिरतं माझं. झालं कसं? तुम्ही केलंत!

तेव्हापासून मी रोज चप्पल मुद्दाम तिरकी काढते, तीही काकूंच्या उंबऱ्याला लागून. मग आमच्या घरात येऊन दाराआड कान देऊन उभी राहते. काकू दार उघडतात, वाकून चपला सरळ लावतात आणि दार हळूच ओढून घेतात.

भांडा ना हो, काकू.