आईच्या पणजीचा फोटो

चंडीगडच्या संग्रहालयात जुने स्टुडिओ फोटो बघताना मी थबकले. नऊवारी नेसून, रंगवलेल्या पडद्यापुढे उभी असलेली ती आईची पणजी होती. खाली देणगीदार म्हणून बाबांच्या मित्राचं, भाऊकाकांचं नाव होतं.

मी दहा वर्षांची असताना ते सेक्टर तीसमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये मान खाली घालून बसले होते. कॉपी काढायला नेलेला हाच फोटो पिंजौरच्या बसमध्ये राहिला, असं कापऱ्या आवाजात सांगत होते.

“वहिनी, माफ करा.”

“जाऊ द्या भावजी, मनाला लावून घेऊ नका,” म्हणत आईने त्यांच्यापुढे गरम शिरा ठेवला. त्यांनी तो पुन्हा मागून घेतला. मला तेव्हा त्यांचीच कीव आली होती.

शेवटच्या आजारपणात आई म्हणायची, “पणजीचा चेहरा आता आठवतच नाही गं.”