गोजाबाईची जुनी प्रत

चाकणच्या ट्रॅफिकला दुवा देणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच असेल, आणि तो नेमका कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसतो. साहेबराव. राहायला संत तुकाराम नगरात, कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलला, म्हणजे ड्रॉइंगच्या प्रती सांभाळायला. नाशिक फाट्यावरून बस सुटली की आम्ही सगळे माना टाकतो, हा वही उघडतो. मोशीच्या पुढे कंटेनर आडवा झाला की सगळी बस शिव्या घालते आणि हा खूश, कारण त्याचं एखादं पान जास्त होतं. एकदा रस्ता मोकळा मिळाला तर दिवसभर तोंड पाडून होता.

घरी लिही म्हणून मीच सांगून दमलो. पण घरी हा टेबलाशी बसला की प्रभावतीवहिनी म्हणणार, नुसते बसलायत तर जरा दळण घेऊन या. रविवारी रावेतला कुणाची तरी वास्तुशांती, नाहीतर साखरपुडा. तिथं जाऊन हा जेवणाच्या रांगेत पुढच्या प्रकरणाचा विचार करणार आणि वाढप्याला भात नको म्हणायचं विसरणार.

पुस्तक होतं त्याच्या आईचं. गोजाबाई जालन्याकडून लग्न होऊन इकडे आली आणि तीस वर्षं तिने कारखान्यांच्या बांधकामांवर विटा वाहिल्या. शेवटची दोन वर्षं ती रोज संध्याकाळी मुलाला एकेक गोष्ट सांगायची आणि हा दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती तिच्याच बोलीत उतरवायचा. मोबाइल पुढे धरला की बाई एकदम सभेत बोलल्यासारखं शुद्ध बोलायची, म्हणून रेकॉर्डिंग काही नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मागे राहिल्या चार वह्या.

मग प्रकाशकांचे उंबरे झिजवणं सुरू झालं. एकाने यशस्वी उद्योजकाचं चरित्र असेल तर आणा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने आठ महिने फोनच उचलला नाही. शेवटी पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाला पहिल्या अठरा पानांची झेरॉक्स दिली. तिथल्या सिद्धेश नावाच्या सहायकाचा फोन आला की विषय चांगला आहे, पण ही भाषा वाचकाला झेपणार नाही, प्रमाण भाषेत करून द्या.

मी म्हटलं, साहेबराव, आधी दुसऱ्या कुणाला तरी विचार. नाही. प्रकाशक म्हणजे कस्टमर, आणि कस्टमरने बदल सांगितला की तो करायचा, हे याच्या डोक्यात पंचवीस वर्षं बसलेलं. सात महिने बसमध्ये बसून त्याने आईचं बोलणं घासूनपुसून स्वच्छ केलं. मधून मधून मला वाचून दाखवायचा. मला झोप यायची, पण मी छान आहे म्हणायचो.

पुढे जे केलं ते आमच्या लाइनीतला माणूसच करू जाणे. आमच्याकडे नवं ड्रॉइंग आलं की जुनं त्याच दिवशी गोळा करायचं, ‘रद्द’चा लाल शिक्का मारायचा आणि मशीनमध्ये घालून त्याच्या चिंध्या करायच्या. एकदा जुनं ड्रॉइंग मशीनवाल्यांकडे राहिलं, त्यावरून चारशे नग चुकीचे बनले आणि भंगारात गेले, तेव्हापासून तर साहेबरावला जुनी प्रत दिसली की धडकी भरते. पक्की प्रत प्रकाशकाकडे पोचली त्याच शनिवारी त्याने चारही वह्या कंपनीत आणल्या. उद्या छापताना दोन्हींची सरमिसळ नको, म्हणाला. मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून वह्यांच्या पिना मी काढून दिल्या. या अकलेच्या कांद्याला शिव्या घालताना ते मला दर वेळी आठवतं.

दोन महिन्यांनी बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. प्रकाशनाच्या संपादक इंदुताई एकामागून एक दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनमुळे जवळजवळ वर्षभर घरी होत्या आणि त्यांनी सगळं आता वाचलं होतं. सिद्धेश खाली मान घालून बसला होता. ताईंनी एका हातात झेरॉक्स धरली, दुसरा हात नव्या बाडावर ठेवला.

"ह्या अठरा पानांतली बाई मला भेटली," त्या म्हणाल्या. "ह्या बाडात ती कुठंच नाही. मला पहिल्या वह्या द्या, जशाच्या तशा छापते."

साहेबराव खुर्चीत सरळ झाला. "त्या रद्द केल्या, ताई. नवी प्रत झाली की जुनी ठेवत नाहीत."

ताईंना वाटलं माळ्यावर वगैरे टाकल्या असतील. मी मशीनचं सांगितलं. मग त्यांनीच धीर दिला, की आठवून पुन्हा लिहा, घाई नाही. साहेबराव म्हणाला, वह्या गेल्या तेव्हापासून दोन महिने तोच प्रयत्न करतोय. आईचं म्हणून जे लिहितो ते सगळं माझंच येतं. हे तो मला एका अक्षराने बोलला नव्हता, आणि मला त्याचा इतका राग आला की उठून जावंसं वाटलं.

"मग तेवढी अठरा पानं छापा," तो म्हणाला.

"अठरा पानांचं पुस्तक होत नाही, साहेबराव."

"माहीत आहे, ताई. पण आई आता तेवढीच उरलीय."

इंदुताईंनी ती झेरॉक्स त्याच्याकडे सरकवली. त्याने पानं मोजली, आणि पुन्हा मोजली.